दारात आलेली हळद

सेवेतल्या बहुतेक गुन्ह्यांचे नंबर मी आता विसरलो आहे. ज्या खटल्यांत वर्षानुवर्षे तारखा घेतल्या, त्यांतल्या आरोपींचे चेहरेही आठवत नाहीत. पनवेल तालुक्यातल्या एका हळदीचे प्रकरण मात्र जसेच्या तसे समोर उभे राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. कोर्टाने शेवटी जी शिक्षा दिली ती पाहिली, तर यावर लिहिण्यासारखे काय आहे असे कोणी विचारील. मीही स्वतःला विचारले. तरी लिहितो. नाव कोणाचे देणार नाही, गावाचेही नाही.

ते दिवस विशेष आर्थिक क्षेत्रांचे होते. लोक त्याला ‘सेझ’ म्हणत. परदेशी गुंतवणूक यावी म्हणून सरकारने करसवलतींचे धोरण आणले होते. न्हावा शेवाचे बंदर जवळ, त्यामुळे आमच्या हद्दीतल्या खाजणांवर, म्हणजे खाडीचे पाणी बांधाने अडवून पिकवलेल्या भातशेतांवर, सगळ्यांची नजर होती. पळस्पे फाट्यावरच्या हॉटेलांत सकाळपासून जमिनीचे दलाल बसलेले असत. एका परदेशी कंपनीच्या भागीदारीतला प्रकल्प ज्या गावात येणार होता, नेमकी त्याच गावची ग्रामपंचायत निवडणूक लागली.

एरवी ही निवडणूक नळ, गटार आणि भावकी यांवर लढली जाई. या वेळी प्रश्न एकच होता. नवी पंचायत जमीन देण्याच्या बाजूने ठराव करणार की विरोधात? कायद्याने त्या ठरावावाचून सारेच अडत होते असे नाही. पण कंपनीला परदेशातल्या आपल्या भागीदारांना दाखवायला गावाची संमती हवी होती, असे आमच्या कानावर होते.

संमतीच्या बाजूच्या पॅनेलचा प्रमुख भरावाची कंत्राटे घेणारा होता. त्याचे स्वतःचे डंपर होते. गाव त्याला शेठ म्हणे. मीही इथे तसेच म्हणतो. विरोधी पॅनेलही धुतल्या तांदळासारखे नव्हते. आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर त्यांनी मतदारांना गाड्या भरून देवदर्शनाला नेऊन आणले होते. मी तेव्हा तालुक्याच्या ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि निवडणूक बंदोबस्ताचे काम माझ्याकडे होते.

मतदान रविवारी होते. शुक्रवारी दुपारी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही.

“साहेब, शेठनी हलद काढलीय. अख्ख्या गावाला जेवाण. डोंगराकडच्या वाडीवर पन टेम्पो धाडलाय.”

“हळद कोणाची?”

“त्याच्या डंपरवरल्या पोराची. लांबचा पुतन्या लागतो त्याचा.”

“मग त्यात बेकायदा काय?”

तो हसला. “तुमी या तर खरा. हलद कोनाची ता तुमीच बघा.”

पनवेल-उरणच्या आगरी-कोळी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी असते. मांडव, बँजो, मटण, तांदळाची भाकरी आणि बाकीचे जे असते ते. आमंत्रण नसलेला माणूसही जेवून जातो, त्याला कोणी हटकत नाही. आचारसंहितेत उमेदवाराने गावजेवण घातले तर तो मतदारांना लाच दिल्याचा गुन्हा. पुतण्याच्या हळदीत घातले तर तो रिवाज. शेठला हा फरक आमच्याइतकाच ठाऊक होता.

लाउडस्पीकरची परवानगी आमच्याच ठाण्याने दिली होती. अर्जाला लग्नपत्रिका जोडलेली होती. हळद शुक्रवारी, लग्न मंगळवारी, म्हणजे मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी. हळद आणि लग्न यांत एवढे अंतर सहसा नसते. कारण विचारले तेव्हा अर्जदाराने ‘मधे निवडणूक आहे’ असे सांगितले होते आणि ते पटण्यासारखे होते. मुलगी खाडीपलीकडच्या एका कोळीवाड्यातली होती.

नायब तहसीलदारांचे भरारी पथक घेऊन आम्ही दिवस मावळायच्या सुमारास पोहोचलो. मांडव मैदानभर पसरलेला होता. एका बाजूला पंगती बसलेल्या होत्या. त्यांत गावच्याच मतदारयादीतल्या, डोंगराकडच्या वाडीवरचे कातकरी मजूर, त्यांच्या बायका, कडेवरची मुले होती. मधोमध पाटावर नवरदेव बसला होता, कपाळापासून पावलांपर्यंत पिवळा. लग्नाचे धवले गाणारी बाई गात होती आणि नवऱ्याची आत्या हळद लावत होती. मुलाचे आईबाप लहानपणीच गेले होते, त्याला या आत्यानेच वाढवला होता. तिचा आनंद खरा होता. तो कोणालाही दिसला असता.

शेठ हात जोडत आला. “या साहेब, बसा. पान वाढू?”

नायब तहसीलदार म्हणाले, “तुम्ही उमेदवार आहात. आचारसंहिता आहे.”

“उमेदवार तिकडं बॅनरवर हाय. इकडं मी चुलता हाय.” आजूबाजूचे हसले. “कार्ड बघा, परवानगी बघा. प्रचाराचा एक शब्द इथं बोललो असंल तर मना आत टाका.”

त्याने सगळे कागद एका पिशवीत तयार ठेवले होते. तो आम्हाला मांडवाच्या मागच्या बाजूला घेऊन गेला आणि एकेक दाखवू लागला. पथकाचा कॅमेरा चालू होता. प्रचाराचे पत्रक नाही, झेंडा नाही, भाषण नाही. दारूची बाटली उघड्यावर एकही नव्हती.

एक गोष्ट मात्र मी पाहून ठेवली होती. हळदीच्या पाटावरचा नवरा लाजून कोणाकडेच बघत नाही, नाही तर मित्रांकडे बघून हसत असतो. हा पोरगा सारखा एकाच माणसाकडे बघत होता. शेठकडे. काम बरोबर चालले आहे ना, असे मुकादमाकडे बघतात तसा. पण नजरेचा पंचनामा होत नाही.

मी जीपकडे आलो तेव्हा मांडवाच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता. मागे आत्या आणि चार-पाच बायका बसल्या होत्या. आत्याच्या मांडीवर झाकलेली वाटी होती. आमची जीप त्यांच्या वाटेत होती.

“साहेब, गाडी काडा ना बाजूला,” आत्या म्हणाली. “उष्टी हलद चाललीय, अंधार पडंल.”

नवऱ्याच्या अंगाला लावून उरलेली हळद नवरीकडे जाते, मगच नवरीला हळद लागते. महाराष्ट्रात कोणाच्याही घरात हे चालते. मी ड्रायव्हरला जीप मागे घ्यायला सांगितले. टेम्पो गेला. शेठ त्या वेळी मांडवामागे नायब तहसीलदारांना आचाऱ्याचा हिशेब समजावत होता आणि नवरदेव न्हाणीत होता.

स्टेशन डायरीत नोंद केली: ‘लग्नकार्य असल्याचे दिसून आले. आक्षेपार्ह काही मिळून आले नाही.’

रविवारी मतदान शांततेत झाले. सोमवारी मोजणी झाली. शेठचे पॅनेल थोडक्यात निवडून आले. वाडीवरच्या मतांनी फरक पडला, असे दोन्ही बाजू म्हणत होत्या. गुलाल उडाला, मिरवणूक निघाली, आम्ही बंदोबस्त उठवला.

बुधवारी सकाळी एक कोळी ठाण्यात आला. पन्नाशीचा, उन्हाने करपलेला, सोबत धाकटा भाऊ. अंमलदाराने काय काम आहे विचारले तर तो म्हणाला, “तकरार लिवायची हाय. पन कसली ता समजत नाय.” अंमलदाराने त्याला माझ्याकडे पाठवला.

“बसा. काय झालं?”

“साहेब, मी दर्यात होतू. माज्या पाठी माज्या पोरीची हलद झाली.”

मी ऐकत गेलो. सहा-सात महिन्यांपूर्वी त्याच्या मुलीला बघायला शेठ आणि त्याच्या गावचे लोक आले होते. मुलगा डंपर चालवतो, आत्या चांगली आहे. बघून गेले. पुढे ‘होय’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. शुक्रवारी अंधार पडता पडता टेम्पो दारात आला आणि बायका हळदीची वाटी घेऊन उतरल्या. मुलीची आई गोंधळली. नवरा बोटीवर, फोन लागत नाही. आत्या म्हणाली, पुरुषांनी आपसात ठरवलं असेल, आपल्याला कोण सांगतंय. मला तरी कुठे आदल्या दिवसापर्यंत माहीत होतं! लग्न आमच्याच दारात आहे, तुम्ही फक्त मुलगी तयार ठेवा, मंगळवारी गाडी येईल.

“मग तुमच्या बायकोने हळद घेतली?”

“दारात आलेली हलद परत कशी धाडायची, साहेब? अपशकुन होतो. मी असतू तर मी पन धाडली नसती.”

त्याची बोट सोमवारी लागली. घरी आला तर मुलगी पिवळी. ठरवले कोणी, कधी, हे त्यालाही ठाऊक नव्हते. पण हळद लागली होती. नातेवाईक गोळा झाले. मंगळवारी मुलगी नेसून बसली. गाडी आली नाही. संध्याकाळी हे दोघे भाऊ शेठच्या दारात गेले. तिथे गुलाल होता, फटाके होते. त्यांना सांगण्यात आले की घरात सुतक आहे, लग्न रद्द.

“सुतकात गुलाल?” धाकटा भाऊ मधेच बोलला. “मी इचारला, कोन मेला? तर बोलले, हाय एक.”

मी त्यांना चहा मागवला. तोपर्यंत शुक्रवारचे सगळे चित्र माझ्यापुढे नीट लागले होते. शेठला हळद हवी होती, लग्न नको होते. पत्रिकेसाठी मुलीचे नाव लागते, म्हणून जुन्या बघाबघीतले एक नाव छापले. गाव खाडीपलीकडे, मतदान होईपर्यंत कोण विचारायला येणार? नंतर सुतकाचे कारण सांगायचे आणि विषय संपवायचा. बेत चांगला होता. त्यात फक्त बायकांना कोणी काही सांगितले नव्हते. आणि हळद नवऱ्याच्या मांडवात थांबत नाही, ती पुढे जाते, हे त्या मांडवातल्या एकाही पुरुषाला सुचले नव्हते.

आता कायद्याचे. मतदाराला जेवणखाण देऊन फितवणे हा गुन्हा होता, पण अदखलपात्र. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. शिवाय लाचेच्या इतर प्रकारांना कैद होऊ शकते. खाऊपिऊ घालण्याच्या लाचेला फक्त दंड. मुलीच्या फसवणुकीचे कलमही जोडून मी परवानगी मागितली. ती मिळाली. वरिष्ठांनी बोलावून विचारले, “एवढ्या मोठ्या प्रकल्पाच्या गावात तू जेवणाचा गुन्हा काढतोयस?” मी म्हणालो, “तक्रारदार समोर बसलाय.” त्यांनी हात झटकले. “बघ बाबा.”

शेठ, त्याचा सख्खा भाऊ आणि नवरदेव या तिघांना नोटीस देऊन बोलावले. तिघांना वेगळ्या खोल्यांत बसवले आणि तिघांना एकच साधा प्रश्न विचारला. मेले कोण?

शेठ म्हणाला, वरच्या आळीची चुलती. भाऊ म्हणाला, ओवे गावात दिलेल्या बहिणीचा सासरा. नवरदेवाने गावातल्या एका चुलत आजोबाचे नाव घेतले.

माझा हवालदार लिहिता लिहिता थांबला. “साहेब, त्या आजोबांना रविवारी खुर्चीवरनं मतदानाला मीच आत नेलं.”

मी शेठला हे सांगितले. तो डगमगला नाही. “मग मतदान करून गेला असंल.”

“मघाशी नाक्यावर चहा पीत होता,” हवालदार म्हणाला.

यावर शेठही हसला. असे लोक चिडत नाहीत. चिडणाऱ्याशी वागणे पोलिसांना सोपे जाते. हसणारा पुढची चाल शोधत असतो. दुसऱ्या दिवशी तो एकटा आला आणि खुर्चीत बसत म्हणाला, “साहेब, पोरीचं नुकसान व्हावं असा मी मानूस नाय. लगीन लावून देतो. आपल्या खर्चानी.”

“कोणाचं?”

“ज्यांची हलद झाली त्यांचा. लगीन खरा झाला तर हलद खरी. हलद खरी तर जेवाण खरा. मग गुन्हा कसला रायला?”

“हे वकिलाने सांगितलं?”

“वकील कशाला पायजे? आमचे घरच्या मंडळीनी सांगितला.”

त्याच्या मंडळींचे कायद्याचे ज्ञान पक्के होते. मुलीकडच्यांनी ‘लग्न ठरलेलेच होते’ असा जबाब दिला, तर माझ्याकडे काहीच उरत नव्हते. शुक्रवारची माझीच नोंद त्याच्या बाजूने बोलली असती. आणि मुलीच्या बाजूने पाहिले, तर हळद लागून घरात राहिलेल्या मुलीला पुढे कोण विचारणार? शेठ देत होता ती तिची सुटका होती. गावाची निवडणूक खरी की खोटी, याचे उत्तर आता एका मुलीच्या लग्नावर येऊन थांबले होते. मला ते बरे वाटले नाही, पण माझ्या वाटण्याला तपासात जागा नव्हती.

साक्षीदार बाई असेल तर तिचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मी महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन त्या कोळीवाड्यात गेलो. घराबाहेर जाळी पसरलेली, वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोरांवर, बोंबील वाळत होते. ओटीवर पोहोचलो तर शेठ आमच्या आधी हजर. सोबत नवरदेव, आत्या आणि परातीत साडी, नारळ, खण. शेजारपाजार अंगणात जमला होता. मुलीच्या बापाने त्यांना बसायला दिले होते. दारात आलेल्याला उभे ठेवायचे नाही, हाही रिवाजच.

आत जबाब घ्यायच्या आधी मुलीच्या आईने मला बाजूला घेतले. “साहेब, काय लिवायचा ता लिवा, पन लगीन मोडंल असा नको. घरात अजून दोघी हायेत.”

बाप उंबऱ्याशी बसून होता. शेठ त्याला म्हणाला, “काय दादा, आता होऊन गेला त्याचा काय? पोरगी सुखात राहील. प्रकल्प आला का पोराला कंपनीत लावतो. पगारी.”

बाप म्हणाला, “माजी जमीन नाय, शेठ. माजा दर्या हाय. तुमची कंपनी आली काय नि नाय काय. माज्या पोरीचा नाव तुमी कसा काय लिवलात, ता सांगा.”

शेठने आत्याकडे पाहिले. आत्या मान खाली घालून बसली होती.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. विशी ओलांडलेली, बारावी झालेली, कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये कामाला जाणारी. हातांवरची हळद उतरत आली होती. नखांच्या कडांना तेवढी शिल्लक होती. ती माझ्याकडे आली नाही. आत्यासमोर जाऊन बसली.

“आत्या, तुमाला मायत होता?”

“देवीची आन, बाय. मना कोनी काय सांगला नाय. मना मायत असता तर मी ती वाटी हातात घेतली असती?” आत्या रडायला लागली. “माज्या हातानी लावली मी तुला.”

“तुमी नका रडू.” मग ती मुलाकडे वळली. “आन तुला?”

मुलाने शेठकडे पाहिले. मांडवात पाहिले होते तसेच.

“त्यांच्याकडं नको बघू. मना बघायला आलेलास तवा पन त्यांच्याकडंच बघत होतास. मी आज पयल्यांदा तुजं तोंड बघतंय. सांग.”

अंगणातल्या बायका हसल्या.

मुलगा म्हणाला, “शेठ बोलले, नुसता नाव लिवायचा हाय कार्डावर. नावाला काय व्हतंय.”

“आन सुतक?”

“ता पन आदीच ठरला होता.”

शेठ उठला. “ए, गप रे—”

“तुम्ही बसा,” मी म्हणालो.

वेगळ्या खोल्यांत बसवून जे आम्हाला नीट मिळाले नव्हते, ते त्या ओटीवर पंचांसमोर मिळाले. आम्ही त्याला मेले कोण हे विचारत होतो. तुला माहीत होते का, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी त्याला विचारला नव्हता; तो आरोपी आहे, त्याला माहीत असणारच, हे आम्ही धरून चाललो होतो. तो जिला खोटे सांगू शकला नाही, अशी व्यक्ती एकच होती.

मुलगी म्हणाली, “साहेब, लिवून घ्या. आमचं लगीन कंदी ठरलंच नव्हतं.”

आई आतून ओरडली, “बये, काय करतंस! हलद लागलीय तुला!”

“उतरली,” ती म्हणाली आणि हात पुढे करून दाखवले. मग बापाकडे पाहिले. “बाबा?”

बाप उंबऱ्यावरून उठला. समोर भरती चढत होती, बांधलेल्या होड्या हलत होत्या. मग तो परातीकडे बोट करून शेठला म्हणाला, “हलद परत धाडता येत नाय. पन नारल धाडता येतो. उचला.”

जबाब झाले. दोषारोपपत्र गेले. पुढचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. जेवणाच्या गुन्ह्यात शेठला दंड झाला; तो त्याने त्याच दिवशी भरला आणि बाहेर येऊन चहा पाजला. मुलीच्या फसवणुकीच्या कलमातून तो सुटला. त्याच्या वकिलाने युक्तिवाद केला की आरोपीने मुलीकडे हळद पाठवलीच नव्हती. ती पाठवली गेली ही त्याच्या इच्छेविरुद्ध घडलेली गोष्ट आहे. हे शब्दशः खरे होते. विरोधी पॅनेलने निवडणूक रद्द व्हावी म्हणून दिवाणी न्यायालयात अर्ज केला. तारखा पडत राहिल्या आणि पंचायतीची मुदत संपली तेव्हा अर्जालाही अर्थ उरला नाही.

ठराव तर पहिल्याच काही बैठकांत झाला होता. संमतीचा. परदेशी पाहुणे गाड्यांतून आले, खाजणाच्या बांधावर उभे राहून फोटो काढून गेले. मग तिकडे कुठे तरी मंदी आली, इकडे सवलतींचे नियम बदलले, मुदती उलटल्या आणि कंपनीने पाय काढून घेतला. भूसंपादनाच्या नोटिसा आल्यापासून बांधांची डागडुजी कोणी केली नव्हती. बांध फुटले, खारे पाणी शेतात शिरले, आता तिथे तिवरांचे जंगल आहे. ठरावाच्या बाजूने मत देणारे आणि विरोधात देणारे, दोघांच्या जमिनींत सारखेच. डंपर चालवणारा तो मुलगा बंदराकडे कंटेनरच्या ट्रेलरवर गेला, असे कळले. शेठ अजून शेठच आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर उत्तर लहान आहे. धोरणे मोठ्या ठिकाणी ठरतात. ती ठाण्यापर्यंत येतात तेव्हा त्यांचे रूप लाउडस्पीकरच्या परवानगीएवढे असते. तिथे ती ओळखता आली तर आली. आणि कट शोधताना त्यात कोण सामील होते हे आम्ही विचारतो. कोणाला सांगितले नव्हते, हे विचारायला पुढे मी शिकलो. त्या प्रश्नाने नंतर मला दोन-तीन गुन्हे उघड करून दिले. निवडणूक एकही वाचवून दिली नाही.

काही वर्षांनी माझी बदली खाडीपलीकडच्या ठाण्यात झाली. पुन्हा पंचायत निवडणुका लागल्या होत्या आणि मी पुन्हा बंदोबस्ताच्या कागदांत बुडालो होतो. एका सकाळी तो कोळी आला. केस पांढरे झाले होते. सोबत तिशीच्या आसपासचा एक माणूस, अंगाला मासळीच्या बर्फाचा वास.

“साहेब, वलख हाय ना? थोरलीची हलद हाय. पोंग्याची परवानगी पायजे.”

“अभिनंदन. हा कोण?”

“नवरा. संगतीच आनला. तुमी बघून घ्या, इचारा काय ता.” तो माणूस ओशाळून हसला. “मायत हाय का रे तुला लगीन?”

“हाय, बाबा.”

मधल्या वर्षांत दोन स्थळे पहिल्या हळदीची चौकशी करून परत गेली, असे त्याने मी न विचारताच सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. मी लाउडस्पीकरचा अर्ज हातात घेतला आणि तारीख पाहिली. मतमोजणी होऊन आचारसंहिता उठल्यानंतरची होती.

“एवढ्या उशिराची? आधी चांगला मुहूर्त होता की.”

“होता,” तो म्हणाला. “पन मधी मतदान हाय, साहेब. आमच्या हलदीत उद्या कोन उमेदवार येऊन जेवला, तर लोक काय बोलतील?”

मी सही केली.